संगणकाने पांडुरंगरावांना पुन्हा विचारावे म्हणून

प्रति,
मा. संगणक देखभाल अधिकारी साहेब,
ग्राम माहिती केंद्र योजना (सीमावर्ती विभाग),
आदिलाबाद.

अर्जदार : रेणुकाबाई भ्र. पांडुरंगराव मुसळे, वय ६६, धंदा घरकाम व शेती, रा. मौजे पिंपरधरा, मंडल नार्नूर, जि. आदिलाबाद.

विषय : मौजे पिंपरधरा येथील माहिती केंद्राच्या संगणकावर परवानगी विचारणारी जुन्या तऱ्हेची चौकट पूर्ववत बसवून अर्जदाराचा नवरा सकाळी दहा ते एक घराबाहेर राहील अशी तजवीज करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. २२ डिसेंबरचा अर्ज.
२) त्यावर आपल्या कार्यालयाचे एका ओळीचे उत्तर, "नवीन पद्धत अधिक सुरक्षित आहे."
३) दि. ६ जानेवारी रोजी जळालेली तुरीची डाळ.

महोदय,

१. अर्जदारास सही येते, परंतु सरकारी कागद लिहिता येत नाही. सबब हा अर्ज नार्नूरच्या मंडल कार्यालयासमोर टेबल टाकून बसणारा अर्जनवीस भिवाजी याने अर्जदाराच्या ओसरीवर बसून, तिच्या सांगण्यावरून लिहिला आहे. साहेबांची सासुरवाडी महाराष्ट्रातल्या किनवटची असल्याचे कळल्यावरून अर्ज मराठीतच ठेवला. मागचा अर्ज अर्जदाराने दुसऱ्याकडून लिहवून घेतला होता. त्याने विषय "तांत्रिक अडचण" असा घातला. तांत्रिक अडचण कशाची डोंबलाची! अडचण माणसाची आहे, आणि तो माणूस या घडीला पायताण दारात काढून आत खाटेवर बसला आहे.

२. सदर माणसाचे नाव पांडुरंगराव, वय ७२, अर्जदाराचा नवरा. त्यांचे वडील गावचे माली पटेल, म्हणजे सारा वसूल करणारे, होते. त्या काळी पिंपरधऱ्यात विहीर खणायची, बैल विकायचा, मांडव घालायचा, काहीही असो, आधी पटेलांची इजाजत, मग कुदळ. पांडुरंगराव त्या गादीवर बसण्यासाठी लहानपणापासून तयार झाले. मिशी राखली, पागोटे बांधायला शिकले, प्रश्न ऐकून लगेच उत्तर न देण्याची सवय लावून घेतली. आणि ऐन वेळी सरकारने पटेलकीच बंद केली. त्यानंतर पस्तीस-छत्तीस वर्षे त्यांना कोणी काही विचारले नाही. कापूस पेरला, ज्वारी काढली, गप्प राहिले. अर्जदार म्हणते, "तवा लय गुणाचे होते."

३. पाच वर्षांपूर्वी गावात माहिती केंद्र झाले, संगणक आला, आणि तो चालवायला गावचीच सून मयूरीबाई नेमली गेली. पहिल्याच दिवशी प्रिंटर जोडताना पडदा एकदम काळवंडला आणि मधोमध एक चौकट उभी राहिली. तिच्यात लिहिले होते की या प्रोग्रामला बदल करायचे आहेत, प्रशासकाची परवानगी आहे काय? खाली "हो" आणि "नाही". मयूरीबाईने ते मोठ्याने वाचले. प्रशासक म्हणजे कोण, असा प्रश्न निघाला. केंद्राच्या गाव समितीचे अध्यक्ष पांडुरंगराव होते. अध्यक्ष म्हणजेच प्रशासक, असे सर्वांनुमते ठरून त्यांना शेतातून बोलावणे गेले. साहेबांना यात चूक दिसेल. गावाला दिसली नाही, आणि अर्ज लिहिणाऱ्यालाही अजून दिसत नाही.

४. पांडुरंगराव पागोटे बांधून आले. पडदा काळवंडलेलाच होता. गावातल्या बाया म्हणाल्या, पाहा, मोठे माणूस आले तर मशीननेही पदर घेतला. पांडुरंगरावांनी चौकट दोनदा वाचवून घेतली. कोण विचारते, कुठला आहे, कशाला आला, अशी चौकशी केली. मग "हो" म्हणाले आणि मयूरीबाईने बटण दाबले. त्या दिवशी ते घरी आले तेव्हा अर्जदाराने त्यांना लग्नानंतर प्रथमच शीळ घालताना ऐकले.

५. तेव्हापासून दस्तूर पडला. रोज दहाला पांडुरंगराव केंद्रावर जाऊन लाकडी खुर्चीवर बसत. चौकट आली की मयूरीबाई वाचे, ते चौकशी करत, निर्णय देत, आणि तो परवानगी रजिस्टरात चढे. पाच वर्षांत "हो" तीनशे सत्त्याण्णव, "नाही" पंधरा. एकदा चौकटीत "प्रकाशक : अज्ञात" असे आले, तेव्हा त्यांनी चार दिवस निर्णय राखून ठेवला. "ज्याचा बाप ठाऊक नाही त्याले घरात कसा घेऊ?" असे त्यांचे म्हणणे पडले. त्या चार दिवसांत गावाचे दाखले खोळंबले हे खरे. पण पलीकडच्या गावच्या संगणकात कसलासा किडा शिरून तो दोन महिने बंद पडला, आमच्यात एक किडा आला नाही, हेही खरे. साहेबांनी रजिस्टर पाहावे.

६. आणि इकडे अर्जदाराला दहा ते एक असे तीन तास मिळत. त्या तीन तासांत ती स्वयंपाक करी, वाती वळी, शेजारच्या सोजरबाईकडे जाऊन बसे, आणि कधीकधी काहीच करत नसे. अर्जदाराचे सांगणे आहे की काहीच न करण्याचे सुख तिला साठीनंतर कळले, आणि ते कळल्यावर हिरावून घेणे हा अन्याय आहे. हे वाक्य तिने दोनदा लिहायला सांगितले होते. एकदाच लिहिले आहे.

७. दिवाळी झाल्यावर संगणकात नवी आवृत्ती शिरली. कोणाला विचारून शिरली, ते रजिस्टरात नाही. आता पडदा काळवंडत नाही. एक लहानशी फिकट चौकट येते, आणि ती "हो की नाही" असे न विचारता मयूरीबाईचा चेहरा मागते. मयूरीबाईने वर पाहिले की काम झाले. पहिल्या दिवशी पांडुरंगराव खुर्चीवर बसून राहिले आणि तीन कामे त्यांच्या डोळ्यांदेखत परवानगीशिवाय होऊन गेली. मयूरीबाई बिचारी ओशाळली. तिने त्यांचाही चेहरा मशीनला दाखवून पाहिला. मशीन म्हणाले, "पुन्हा प्रयत्न करा." पागोटे काढून दाखवा, असे कोणी सुचवले. काढले. मशीनने ओळखले, पण दारात उभ्या असलेल्या चार माणसांनी ओळखले नाही, आणि त्यातला एक जण "पाव्हणे कोणाकडचे?" असे विचारून बसला. पांडुरंगरावांनी पागोटे डोक्यावर ठेवले आणि घर गाठले. त्या दिवसापासून त्यांचे पायताण दारातून हललेले नाही.

८. आता मुख्य तक्रार. ज्या माणसाला पाच वर्षे आठवड्यातून एकदोनदा कोणीतरी काहीतरी विचारायचे, त्याला आता कोणी विचारत नाही. म्हणून त्यांनी संगणकाचे काम स्वयंपाकघरात आणले आहे. अर्जदाराने चुलीवर काही ठेवण्यापूर्वी विचारले पाहिजे. फोडणीला विचारले पाहिजे. भाकर उलटण्याला विचारले पाहिजे, आणि ते चौकशी करून निर्णय देईपर्यंत भाकर उलटण्याच्या लायकीची उरत नाही. कुकरने शिट्टी दिली तर "हा काऊन विचारल्याबिगर बोलला?" असे म्हणतात. अर्जदाराच्या बहिणीने बासरहून लिंबाचे लोणचे पाठवले, ते "प्रकाशक अज्ञात" म्हणून गेले अकरा दिवस ओट्यावर बंद पडून आहे. अर्जदाराचे शब्द जसेच्या तसे, "माह्या सख्ख्या बहिणीले अज्ञात म्हणते हा माणूस! तिच्याच लग्नात चार लाडू जास्तीचे खाल्ले होते यानं."

९. यावरही भागले नाही. चौकट येताना पडदा काळवंडत असे, म्हणून विचारताना घरातही उजेड कमी पाहिजे. दार लावायचे, खिडकी लोटायची, मग विचारायचे. भर दुपारी बारा वाजता अर्जदार अंधारात डाळ शिजवते. दि. ६ जानेवारीस डाळीत मीठ घालण्याची परवानगी विचारली असता निर्णय राखून ठेवण्यात आला, तोवर डाळ खाली लागली, आणि अंधारात मीठही दोनदा पडले. ती डाळ पांडुरंगरावांनी निमूट खाल्ली. वर म्हणाले, "मंजूर हे." अर्जदाराने कपाळाला हात लावला. अंधारात तोही नीट लागला नाही.

१०. अर्जदाराला नवऱ्याचा राग आहे काय, असे साहेब विचारतील. आहे. लय आहे. पण परवा ती वाती वळत होती तेव्हा पांडुरंगराव जुने परवानगी रजिस्टर मांडीवर घेऊन बसले होते आणि पान उलटण्यापूर्वी स्वतःलाच हळू आवाजात विचारत होते, उलटू का? ते ऐकून तिच्या हातातली वात अर्धीच राहिली. तेव्हा हा अर्ज तीन तासांसाठी आहे हे खरे, पण नुसता तेवढ्यासाठी नाही, असे ती म्हणते.

११. मयूरीबाईने चौकशी केली आहे. जुनी चौकट कुठे गेलेली नाही. ती मशीनच्या आत झोपून आहे. आत एका ठिकाणी एक लहानसा बदल केला की ती उठून बसेल, पडदा पूर्वीसारखा काळवंडेल आणि "हो की नाही" विचारील. फक्त तो बदल करायला प्रशासकाचा चेहरा लागतो, आणि खरा प्रशासक म्हणजे आपण, आदिलाबादला. म्हणजे परवानगी विचारणारी चौकट मिळवण्यासाठी परवानगी लागते, ती देण्यासाठी मशीन आपला चेहरा मागणार, आणि आपला चेहरा एकशेदहा मैलांवर असल्यासारखा दोन महिने दिसत नाही. "अधिक सुरक्षित" म्हणून जे आपण कळवले, त्यावर अर्जदार विचारते, "कोणासाठी? इथं माही चूल धोक्यात हे."

१२. इथवर अर्ज लिहून झाला असता खाटेवरून आवाज आला की घरात माझ्याविषयी कागद होऊन राह्यला आणि मले कोणी विचारलं नाही. पांडुरंगराव बाहेर आले. त्यांनी कागद वाचून दाखवण्यास फर्मावले. अर्जनवीसाने लिहिलेले वाचलेच पाहिजे. परिच्छेद एकपासून वाचले. पटेलकीला त्यांनी मान डोलावली. लाडवांना हरकत घेतली, तीनच होते म्हणाले. डाळीला पुढे वाचा म्हणाले. परिच्छेद दहा वाचताना त्यांनी पागोटे काढून हातात घेतले आणि बराच वेळ त्याची घडी पाहत राहिले.

१३. मग ते अर्जदाराकडे वळून म्हणाले, "कागद धाडू का? हो, का नाही?" अर्जदाराचे हात पिठाचे होते. तिने मागे वळून पाहिले, की मागे कोणी उभे आहे काय. कोणी नव्हते. लग्नाला एकोणपन्नास वर्षे होत आली. लग्नाचे तिला विचारले नव्हते. पोरांच्या शाळेचे, जमिनीचे, बैलाच्या रंगाचेसुद्धा नाही. हा प्रश्न तिलाच होता. अर्ज लिहिणाऱ्याला वाटले की ती लगेच "हो" म्हणेल, तीनदा म्हणेल. ती म्हणाली, "चौकशी करून सांगतो. तोवर दार लावा, खिडकी लोटा."

१४. पांडुरंगरावांनी स्वतः उठून ओसरीचे दार लावले, खिडकी लोटली, आणि पागोटे हातात धरून उभे राहिले. अर्जदाराने निर्णय पाऊण तास राखून ठेवला. त्या पाऊण तासात तिने भाकरी संपवल्या, एक भाकर कोणालाही न विचारता उलटली, लोणच्याच्या बरणीचे झाकण काढले, हात धुतले, आणि पाटावर बसून राहिली. ती तेव्हा काहीच करत नव्हती. पांडुरंगरावांनी एकदाही घाई केली नाही. अर्ज लिहिणारा अंधारात बसल्यामुळे त्याच्या अक्षराचा जो घोळ झाला आहे, तो साहेबांनी समजून घ्यावा. शेवटी ती म्हणाली, "हो." आणि तोंडात लोणचे असावे तशी जरा थांबून, पुन्हा एकदा, "हो." पांडुरंगरावांनी दार उघडले.

१५. तरी प्रार्थना अशी की, जुनी चौकट पूर्ववत बसवावी आणि सकाळी दहा ते एक तिने पांडुरंगरावांना विचारावे. एकनंतर घरी आल्यावर रोज किमान एक गोष्ट पांडुरंगराव अर्जदाराला विचारतील, असे त्यांनी कबूल केले असून खाली अंगठा दिला आहे. सही येत असताना अंगठा का, असे विचारले असता ते म्हणाले की बटण अंगठ्यानेच दाबतात.

आपल्या उत्तराकडे आणि दारातल्या पायताणाकडे डोळे लावून बसलेली,

(सही) रेणुकाबाई भ्र. पांडुरंगराव मुसळे

(अंगठा) पांडुरंगराव मुसळे, अध्यक्ष. मंजूर.

लिहिणार : भिवाजी, अर्जनवीस, नार्नूर
दिनांक : १८ जानेवारी २०२६, मु. पिंपरधरा (उद्या सोमवारी, प्रजावाणीच्या तक्रार दरबारात समक्ष देणे)

सोबत जोडले :
१) परवानगी रजिस्टराच्या पहिल्या व शेवटच्या पानाची नक्कल.
२) आपल्या कार्यालयाच्या एका ओळीच्या उत्तराची नक्कल. ती मूळ उत्तरापेक्षा मोठी झाली आहे.
३) जळालेली डाळ जोडता आली नाही. ती खाल्ली गेली.
४) लिंबाचे लोणचे, एक वाटी, साहेबांसाठी. प्रकाशक : अर्जदाराची बहीण, बासर. उघडण्यास रेणुकाबाईंची परवानगी आहे.