लांबून काढलेला फोटो

१० जुलै २००५

प्रिय किरण,

पहिली आली ती शेजारची बनुबाई. काल टपालवाला अजून पायरीवर छत्री झाडत होता, तेवढ्यात हिनं तुझं पाकीट घेऊन फोडलंसुद्धा. मद्रासकडं समुद्राकाठी उभं राहून तू भर दिवसा उडालेल्या रॉकेटचा फोटो काढलास, तो माझ्याआधी तिनं बघितला. मग सगळी वाडी जमली. चांगू म्हणतो, रॉकेट कुठाय, नुसता धूर हाय, असला तर एमआयडीसीत रोज दिसतो. मी म्हटलं, मेल्या, टोकाला बघ, तांदळाच्या कणीएवढं चमकतंय ते. दहा कोसांवरनं धरलंय माझ्या नातवानं. तुझ्या आजोबांनी फोटो अगदी डोळ्यांना लावला. दिसलं किती ते देव जाणे, पण हसले. आठवडाभरात पहिल्यांदा हसले रे.

त्याचं असं झालं. मिरगात आपल्या वरच्या माळाला भेग पडली. आधी गुराचा खूर अडकेल एवढी, आता काठी घातली तर तळ लागत नाय. तीच गोठ्याखालनं आपल्या पडवीत निघालीय. वाडीतर्फे महिपतीनं तहसीलात अर्ज दिला, म्हणून गेल्या सोमवारी तीन साहेब बघायला आले. आणि मी काय करावं? पाव्हणे येणार म्हणून सकाळीच पडवी सारवली. शेणमातीनं भेग बुजवली, वरनं हात फिरवून चांगली घोटली. चपला बाहेर काढून साहेब आत आले, चहा प्याले, म्हणाले, "आजी, भेग कुठाय?" मी नखांनी उकरून दाखवली, तर म्हणाले, सारवण वाळलं की तडकतंच. माळावर धुकं न् चिखल, वर कुणी चढलं नाय. जाताना सांगितलं, भेगेचा फोटो दाखवा, मग वाडी हलवायचं बघू. तेव्हापासनं आजोबा माझ्याशी बोलत नायत. गुरांना आम्ही आता दावं लावत नाय, माळ खाली आला तर निदान ती तरी पळतील.

म्हणून लिहिते. समोरच्या डोंगरावरनं, उघडीप मिळाली तर, वरपासनं खालपर्यंत सगळी भेग दिसते. महाडचा स्टुडिओवाला म्हणतो, एवढ्या लांबनं माझ्या कॅमेऱ्यात काय येणार नाय. तुझ्या कॅमेऱ्यात येईल. रजा काढ आणि ये. साहेब परत येतो म्हणालेत, सोमवारी, पंचवीस जुलैला.

तुझीच,
राहीआजी