तृप्तीपुरती खीर

दूधविनायक, वाराणसी
सर्वपित्रीनंतरचा तिसरा दिवस

तीर्थस्वरूप मधुवंतीवन्संना,

गीताचा वाकून नमस्कार. (वाकून म्हटलं खरं, पण माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत, अर्ध्यावरूनच आशीर्वाद द्या.) नागपूरचा पाऊस थांबला का, नवी कवळी बसली का, सूनबाई चहा वेळेवर देते का, सगळं सविस्तर कळवा. पत्र बघून घाबरू नका, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. फोन केला की तुमचे बंधू स्पीकर लावून शेजारी ठाण मांडतात, आणि सांगायचंय ते त्यांच्याचबद्दल, म्हणून लिहायला बसले.

तर श्रावणात तुमच्या लाडक्या ढुंढूला, म्हणजे ह्यांना, शुगर निघाली. विश्वजीत डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड मारून सांगितलं, पडद्यावर डाग दिसायला लागलेत, खाणं आवरलं नाहीत तर पुढे पोथीतलं अक्षर दिसायचं नाही. वन्सं, चाळीस वर्षं ह्या माणसाला मी पोथीत डोकं खुपसलेलं बघतेय. पोथी गेली तर हे जगतील कशावर? त्याच दिवशी साखर घरातून हद्दपार केली आणि रोज सकाळी मुन्शी घाटापर्यंत चालून यायचं ठरवून दिलं. हे चक्क दोन दोन तास चालायला लागले. मी आपली खूश! मग एक दिवस फुलवाला विष्णु दारात उभा राहून कौतुकानं म्हणतो, माताजी, पंडितजी की सेहत तो एकदम बढ़िया है, सुबह-सुबह पाव भर जलेबी, ऊपर से दही! तेव्हापासून फिरणं गच्चीवर आणलंय.

पण खरी पंचाईत झाली ती पितृपक्षात. ह्यांना श्राद्धाला ब्राह्मण म्हणून दहा-बारा घरची बोलावणी. जेवण झालं की यजमान हात जोडून विचारतो, तृप्त झालात का, आणि ह्यांनी तृप्त झालो म्हणायचं. ते म्हटलं की तिकडे पितरांचं पोट भरतं. मी म्हटलं, भाजी खा, कढी प्या, खीर तेवढी सोडा. तर म्हणे, खीर न खाता तृप्त म्हणणं हे खोटं, आणि तेही साक्षात पितरांसमोर! (बायकोसमोर जलेबीचं खोटं चालतं. बायको अजून जिवंत आहे ना!)

मग मी काय करावं? अक्कल गहाण टाकून दुर्गाघाटावर नरहरपंतांच्या घरी गेले. त्यांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. पंतांची सून मृणालिनी मोठी गुणाची पोर, तिच्या कानात सांगून आले की आमच्यांना शुगर आहे, काहीतरी बघ. तिनं बिचारीनं ह्यांच्यापुरती दलियाची खीर केली. साखर नाही, गूळ नाही, बेदाणासुद्धा नाही. श्राद्धाच्या दिवशी मी आत वडे तळायला मदतीला होते. ह्यांनी एक घास घेतला, वाटीकडे बघितलं आणि वाटी बाजूला सरकवली. जेवण आटोपलं. पंतांनी हात जोडून विचारलं, तृप्त झालात? हे गप्प. पुन्हा विचारलं. हे पत्रावळीकडे बघत ढिम्म! सगळं घर हात जोडून उभं, आणि आमचा हरिश्चंद्र तोंड उघडायला तयार नाही.

वन्सं, पंच्याहत्तरीचे नरहरपंत हो, लहान मुलासारखे रडायला लागले. म्हणाले, बाबा अजून रागावलेत. शेवटची दोन वर्षं त्यांना शुगर होती, मी कपाटाला कुलूप घातलं होतं, खीर मागत मागत गेले ते. मृणालिनी माझ्याकडे बघायला लागली, मी कढईत बघायला लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. शेवटी घरच्यांसाठी केलेली खरी खीर आणली. ह्यांनी डोळे पुसत दोन वाट्या संपवल्या आणि तृप्त झालो हे इतक्या मोठ्यानं म्हणाले, की घाटावर ऐकू गेलं असेल. पंत शांत झाले. संध्याकाळी ह्यांची शुगर तीनशे चाळीस. मी इतकी बोलले, इतकी बोलले, की शेजारच्या आदित्यनं ऐकायला म्हणून टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी ह्यांना धरून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकलं, आधी पोट धरून हसले, मग म्हणाले, आधी भाजी-कोशिंबीर खा, भात थोडा घ्या, खीर एक चमचा घ्या, गोळी चुकवू नका. आणि पंडितजी, किती खाल्लं म्हणजे तृप्त, हे कुठे लिहिलंय का? झालं! हे दोन दिवस पोथ्या उलथ्यापालथ्या करत बसले. माप कुठेच सापडलं नाही. मग एका चमच्यावर तृप्त व्हायला लागले, आणि खरंच होतात हो, मी तोंडाकडे बघितलंय. परवाचा रिपोर्ट चांगला आला. यजमानांना मात्र राहवत नव्हतं. उरलेली खीर ते डबा भरून आमच्याकडे पाठवायचे. पितरांच्या नावाचं अन्न टाकायचं कसं? शेजारीपाजारी आधीच श्राद्धाचं खाऊन बेजार. तेव्हा ते मीच मार्गी लावलं. एकूण सगळं ठीक आहे, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. सूनबाईंना आशीर्वाद.

तुमची भावजय,
गीता

ता. क. – परवा डॉक्टरांनी सहज माझंही बोट टोचलं. दोनशे शहाऐंशी. हे बाहेर बाकावर बसले होते, त्यांना एकशे दहा सांगितलं. दोन महिने ज्या माणसाला उठता-बसता फाडून खाल्लं, त्याच्यापुढे आता कुठल्या तोंडानं जाऊ? त्यासाठीच हा एवढा पत्रप्रपंच. वन्सं, तुम्हीच फोन करा आणि त्यांना सांगा. स्पीकर असला तरी चालेल, मी गच्चीवर जाऊन बसेन.

ता. क. दुसरा – फोन करू नका. पत्ता घालायला पत्र न चिकटवताच त्यांच्याकडे दिलं (तुमच्याकडचा पिनकोड मला कधी पाठ झालाय?) आणि त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मी पदर खोचून तयार होते. वाटलं, आता सगळं व्याजासकट परत मिळणार. तर एक शब्द बोलले नाहीत. आत गेले, जन्मात पहिल्यांदा कारली चिरली, करपवून भाजी केली, माझ्यासमोर बसून माझ्याबरोबर मुकाट्यानं खाल्ली, आणि माझ्या गोळ्या आणायला आत्ता बाहेर गेलेत. वन्सं, मला फार भीती वाटतेय हो. मिळेल त्या गाडीनं या आणि ह्यांना सांगा, मला जरा रागवा म्हणून.