दुसरा पेला

कल्याण, मार्च १८९७

प्रिय श्रीपाद,

तुझे पत्र मिळाले. माझे हे उत्तर बाहेर नेण्याआधी कंपाउंडर ते गंधकाच्या धुरीवर धरील, तेव्हा कागद पिवळा दिसला, वास आला, तर घाबरू नकोस. मी बरी आहे. प्लेगच्या मांडवातली माझी पाळी संपली आणि आता निरीक्षणाच्या खोलीत एकटी बसले आहे. ताप नाही, गाठ नाही. शुक्रवारी डॉक्टर सोडतील. रिकामे बसण्याची मला सवय नाही, म्हणून पत्र लांबेल. तू चार ओळी मागितल्या आहेस. त्या शेवटी आहेत. आधी बाकीचे वाच.

काम कसे चालते ते तू विचारले नाहीस, तरी सांगते. सकाळी गाडी आली की स्टेशनवर कनातीमागे बायकांना तपासायचे आणि दुपारनंतर मांडवात जायचे. तपासणी म्हणजे तीन जागा: गळा, काख, जांघ. कोणाच्या अंगावर पैठणी असते, कोणाच्या लुगड्याला ठिगळ. कनातीमागे जागा त्याच तीन. एका बाईने मला विचारले, ‘तुझी जात कोणती गं?’ मी म्हटले, ‘हात वर करा.’ तिला ते उत्तर वाटले नाही, पण हात तिने वर केला. मांडवात गंगुबाई नावाची एक म्हातारी होती, इथल्या जुन्या घराण्यातली. माझ्या हातचे पाणी घेईना. ‘बाटलेल्या पोरीच्या हातचं पिऊन मरू? त्यापेक्षा अशीच मरते!’ ताप चढलेला, जीभ लाकडासारखी कोरडी आणि घरच्यांना आत यायची मनाई. मी गडू तिच्या उशाशी ठेवला, पाठ फिरवली आणि चादरींच्या घड्या घालत उभी राहिले. मागे घोट घेतल्याचा आवाज आला. मग रोज तसेच करू लागलो. मी पाठ फिरवायची, तिने प्यायचे. शेवटपर्यंत तिने आपले मत बदलले नाही आणि मीही तशी अपेक्षा ठेवली नाही. पाणी पोटात जाणे महत्त्वाचे होते. हे मुद्दाम लिहिले, कारण पत्र वाचता वाचता तू म्हणशील की अक्काला वाकता येत नाही.

आता तुझे पत्र. तू लिहितोस, साथीचे दिवस आहेत, म्हणून आजवर सगळे एकाच चांदीच्या पेल्यातून द्राक्षारस घेतात त्या प्रभुभोजनात खोपटच्या मंडळींसाठी वेगळा पेला ठेवावा असे पंचांचे मत पडले. त्याशिवाय मारुतीराव आणि आणखी दोन घरे देवळात पाऊल ठेवणार नाहीत. पण नुसतेच तसे केले तर खोपटच्यांना वाईट वाटेल. तेव्हा मुंबईच्या इस्पितळात शिकलेल्या अक्काने लिहून द्यावे की एका पेल्याने गाठीचा ताप पसरतो. ‘म्हणजे ती जातीची गोष्ट राहणार नाही, आरोग्याची होईल.’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. तुझे अक्षर फार सुरेख आहे. खोपटची माणसे महारवाड्यातून आपल्यात आली आणि मारुतीराव पंच झाले तरी आपली शेंडी अजून मनात बाळगून आहेत, हे त्या पत्रात कुठेच नाही. एवढे लांबलचक पत्र आणि ‘महार’ हा एक शब्द कुठेच नाही! तो टाळताना तुला बरेच कष्ट पडले असतील. पाळक म्हणून तुझी नेमणूक अजून पक्की झालेली नाही आणि ती पंचांच्या हाती आहे, हे मी विसरलेले नाही. तू ते लिहिले नाहीस, म्हणून मी लिहिते.

तू असेही म्हणतोस की अजून कोणाला काही सांगितलेले नाही. सांगितलेले आहे. मंगळवारी खोपटची बायजा आली होती. तिची लेक शहाडला दिली आहे. तिच्याकडे जाताना वाट वाकडी करून ती इथे आली आणि दोरीबाहेर उभी राहून माझ्याशी बोलली. डोक्यावर गवताचा भारा घेऊन बाजारात ओरडून ओरडून तिचा आवाज कसा झाला आहे ते तुला ठाऊक आहे. सगळ्या मांडवाने ऐकले. ‘अक्का, पेला आला बरं का आमचा! पितळी हाय. मारुतीरावांनी ओटीखाली बसवून मलाच दिला घासायला. चिंच बी त्यांचीच.’ मी विचारले, ‘मग घासलास?’ ‘घासला की! असा लख्ख केला, माझंच तोंड दिसाया लागलं त्यात. म्हटलं, बघ गं बायजे, तुझी केवढी सोय केली.’ आणि हसली. हसणे संपल्यावर पदराने तोंड पुसून म्हणाली, ‘घरात इतके देव होते, अक्का, सगळे खाडीत सोडले. म्हटलं, एक हाय तो पुरे. आता तुमी त्या एकाचेच दोन करताय का?’ रोग्याला काय झाले ते कळले नाही तर मी सरळ सांगते की मला माहीत नाही. इथे तेही म्हणता येईना, कारण मला माहीत होते.

तुला रंगूआत्याचे घर आठवते का? टेंभी नाक्याच्या अलीकडचे. आठवत असेल तर दारातला प्राजक्त आठवत असेल. बाबांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तू चार वर्षांचा होतास, मी नऊ. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आई आपल्या दोघांना तिकडे घेऊन गेली. आत्या बाबांची सख्खी बहीण. तिची माया तुटणार नाही असे आईला वाटले असावे. माया तुटली नव्हती, पण आत बोलावले नाही. आपण ओटीखाली उन्हात उभे राहिलो. तू पाणी मागितलेस. आत्या तांब्या घेऊन आली, वरच्या पायरीवर थांबली आणि म्हणाली, ‘ओंजळ कर हं, बाळा.’ मग वरून धार सोडली. तू प्यायलास थोडे, सांडलेस फार. नाकात पाणी गेले, ठसका लागला आणि मग तू खदखदून हसलास. ‘अजून! अजून, आत्या!’ तुला तो खेळ वाटला. आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती ओतत होती, पण तांब्या तिने खाली आणला नाही. मलाही तहान लागली होती. मी मागितले नाही.

घरी आल्यावर मी बाबांना विचारले, देव न्यायी आहे ना, मग आत्याचा तांब्या वर का राहिला? बाबा कचेरीतले कारकून. न्यायाधीशांचे निकाल सुवाच्य अक्षरात नकलण्यात त्यांचा जन्म गेला. ते कोणत्याही प्रश्नाला घाईने उत्तर देत नसत. त्या दिवशीही त्यांनी आधी माझा प्रश्न मला पुन्हा म्हणायला लावला. मग म्हणाले, ‘माणसं न्याय वरून ओततात, सगुणा. ज्याच्या ओंजळीत जेवढा राहील तेवढा त्याचा. देवाचा न्याय पाण्याच्या स्वभावाचा आहे. तो आधी सखलात जातो, आणि तिथे भरल्याशिवाय वर चढत नाही.’ तू तेव्हा त्यांच्या मांडीवर झोपला होतास. पुढे पाळक झालास, मोठमोठ्या पंडितांकडे धर्मशास्त्र शिकलास. मी शिकले ते शरीर, औषध आणि बाळंतपण. पण न्याय या विषयात मला अजून त्या उत्तराच्या पुढे जाता आलेले नाही. तुलाही पुढे जाता आले असे तुझ्या पत्रावरून दिसत नाही. तू मागे आलास.

दर रविवारी तू सांगतोस की देवापुढे कोणीही आपल्या पुण्याईने नीतिमान ठरत नाही. जे मिळाले ते सगळ्यांना सारखेच फुकट मिळाले. ठीक. मग फुकट जेवायला बसलेल्यांनी एकमेकांच्या पंक्ती कशा ठरवायच्या? ख्रिस्ताच्या पहिल्या मंडळ्यांतही हाच प्रकार होता. पोट भरलेले आधी जेवून घेत आणि राबणारी माणसे दमून येईपर्यंत भांडी रिकामी होत. त्याबद्दल पवित्र शास्त्रात त्यांना काय ऐकून घ्यावे लागले ते तू लहानपणी मला धडाधड म्हणून दाखवायचास आणि बाबा तुला पेरू द्यायचे. पेरू खाल्लास तो कशाबद्दल?

तू म्हणशील, थोडे दिवस, अक्का, साथ ओसरेपर्यंत. साथ ओसरेल, पेला ओसरणार नाही. अशी भांडी एकदा फडताळात शिरली की बाहेर निघत नाहीत. तू म्हणशील, मंडळी फुटेल. ती फुटलेलीच आहे, आणि तू मला त्या भेगेत लाख भरायला सांगतो आहेस. आणि मग म्हणशील, गंगुबाईपुढे वाकलीस, तर मारुतीरावांपुढे का वाकत नाहीस? तेही ऐक. गंगुबाई मरणाच्या दारात होती आणि गडू माझ्या हाती होता. मारुतीराव धडधाकट आहेत आणि गडू त्यांच्या हाती आहे. दुबळ्यासाठी वाकणे ही दया. बळकटासाठी वाकायचे आणि तो भार दुबळ्याच्या पाठीवर टाकायचा, याला दया म्हणत नाहीत. शांतता म्हणत असतील. देव अशा शांततेला काय म्हणतो ते तुझ्या कपाटातल्या जाड पुस्तकांत शोध, सापडेल.

आता तुझ्या ओळी. पंचांना दाखवता याव्यात म्हणून निराळ्या कागदावर सहीनिशी लिहून सोबत ठेवल्या आहेत. तुझ्यासाठी इथे उतरवते: ‘एका पेल्याने गाठीचा ताप पसरतो की नाही, ते मला माहीत नाही, इथल्या डॉक्टरांनाही अजून खात्रीने माहीत नाही. पसरत असेल तर तो कोणाच्याही तोंडून कोणाच्याही तोंडी जाईल. वेगळा पेला ठेवायचाच असेल तर जिने रोग्यांना सर्वांत जास्त हात लावला तिच्यासाठी ठेवावा. ठाण्याच्या मंडळीत ती मी आहे.’ यातला एकही शब्द खोटा नाही आणि एकही कमी करता येणार नाही. मारुतीरावांना मोठ्याने वाचून दाखव.

रविवारी सकाळच्या गाडीने मी ठाण्याला येते. कपडे उकळून झालेले असतील, डॉक्टरांचा दाखला बरोबर असेल. तुझ्या शेजारच्या बाकावर बसणार नाही. मागे चटईवर, बायजाच्या बाजूला बसेन. (चटई तरी निराळी का, हे पुढे कधीतरी विचारीन.) दोन पेले असतील तर मला पितळी पेल्यातून दे. कागदाप्रमाणे तो माझा आहे. माझ्यापुढे चांदीचा आणलास तर मी सगळ्यांसमोर विचारीन, का? ‘तू माझी बहीण आहेस’ याखेरीज तुझ्याजवळ उत्तर नसेल, आणि तेच तर तू दर आठवड्याला व्यासपीठावरून बायजाला म्हणतोस. पितळी पेला देताना हात खाली आणवत नसेल तर वरून ओत. मी ओंजळ करीन. त्या दिवशी केली नव्हती, या दिवशी करीन, आणि लोकांना नीट दिसेल इतकी वर धरीन. पेला सगळ्यांचा मिळून एकच असेल, तर मी काही बोलणार नाही. माझी पाळी येईल तेव्हा पिईन, उपासना संपली की तुझ्याकडे जेवायला थांबेन. माझ्या भावजयीला, शीलाला, सांग, भात थोडा जास्त टाक. इथे आम्हाला पेजच मिळते.

हे सगळे तुला न कळवताही करता आले असते. बायजाचे म्हणणे तेच होते: ‘सांगू नका, अक्का. येकदम उठा. मारुतीरावांचं तोंड बघायचं हाय मला.’ मलाही पाहायचे आहे, खोटे कशाला बोलू? पण त्याच वेळी मला तुझेही तोंड पाहावे लागेल, आणि ते तिथे, सगळ्यांसमोर, पडलेले पाहायची माझी इच्छा नाही. म्हणून हे पत्र. रविवारपर्यंत तुझ्याजवळ वेळ आहे. तो पितळी पेला तू स्वतःच्या हाताने मारुतीरावांच्या ओटीवर परत ठेवून येऊ शकतोस. नेमणूक गेली तर आपण तिघे माझ्या पगारात राहू. पाणी वरून आले तेव्हा तू हसलास, श्रीपाद, कारण तू चार वर्षांचा होतास. आता नाहीस.

बाकावर नाही, चटईवर, पण तुझीच,
सगुणाअक्का