कुरतडलेला काठ

प्रिय ग्रेगर,

तुझी आई सांगत होती, तू फोन बंद करून बसलायस आणि तुझ्या दोस्ताचं, अ‍ॅलीचं, तोंडही बघायला तयार नाहीस. म्हणून हा कागद. माझं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं, सावकाश वाच. नाहीतरी शनिवारी दुपारी तुला आता दुसरं काम काय आहे?

त्या दिवशी मी नेहमीसारखी फुटबॉलच्या मैदानावर मटणाच्या पाई विकायच्या खिडकीत होते. मध्यंतराची रांग पांगली होती, ट्रे पुसत होते. तिथून खेळ दिसत नाही, नुसता आवाज येतो. गोल झाला की हुकला, मला आवाजावरून कळतं. पण हे मोठं हसू कशाचं, ते कळेना. तेवढ्यात टॅम लोगी धापा टाकत आला. म्हणाला, रेषेवर निशाण घेऊन उभ्या असलेल्या पंच पोरीला कुणीतरी गरम पाई फेकून मारली, नेमकी मानेवर. आणि मी हसले. लिहूनच ठेवते, नाहीतर आपण एकटेच नालायक असं तुला वाटायचं. पोट धरून हसले. म्हटलं, आपला गोल रद्द केला ना तिने, भोग म्हणावं.

मग टॅमने ती पाई फावड्यावर घालून आणली. क्लबचा चिटणीस झाल्यापासून त्याला पुराव्यांची फार हौस. विचारतो कसा, ही तुझीच ना? माझीच, दुसऱ्या कुणाची असणार. मटण बरंचसं सांडलेलं, झाकण तसंच, पण झाकणाच्या वर कणकेचा उभा असतो तो काठ सगळा कुरतडलेला, गोल, उंदराने खाल्ल्यासारखा. लोक झाकणावर सॉस ओततात आणि सरळ चावा घेतात. आधी काठ संपवून मग झाकणाकडे वळणारा माणूस या गावात एकच आहे. दात येत होते तेव्हा मीच तुझ्या हातात नुसता काठ द्यायचे. माझं हसणं तिथेच संपलं.

आणि ती पोरगी स्वतःच थंड पाणी मागायला खिडकीशी आली. कर्स्टी तिचं नाव. तुझ्याच वयाची असेल. मान लालभडक झालेली. मटणाची चरबी किती पोळते ते माझ्या हातांना विचार. पाणी दिलं, फडका दिला, आणि मूर्खासारखी एक गरम पाई तिच्यापुढे सरकवली. तिने ती परत माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "नको मावशी, आजच्यापुरती एक पुरे झाली."

टोमणा नव्हता रे त्यात. फडका मानेला गुंडाळून ती परत रेषेवर जाऊन उभी राहिली, आणि आपलेच लोक पुन्हा तिला शिव्या घालायला लागले. तुझे आजोबा गेले तेव्हाही मी गावासमोर मान खाली घातली नव्हती. त्या दिवशी मैदान रिकामं होईपर्यंत आत बसून राहिले.

आता मुद्द्याचं. तुझं नाव अ‍ॅलीने सांगितलं असं तू धरून चाललायस. तो पोरगा अजून तुझ्यासाठी खोटं बोलतोय, पाई पाहुण्या संघाच्या लोकांकडून आली म्हणतोय. नाव मी सांगितलं. कर्स्टी पाठमोरी झाली तशी टॅमला म्हटलं, "माझ्या नातवाचं काम आहे." तिला सांगायची मात्र छाती झाली नाही. पाणी देणारी बाई तुझीच आजी, हे तिला अजून ठाऊक नाही. तेव्हा आधी अ‍ॅलीच्या दारी जा. येत्या शनिवारी कर्स्टी पुन्हा आपल्याच मैदानावर आहे. क्लबची बंदी आहे, तुला आत घेणार नाहीत, पण पंचांची गाडी फाटकाबाहेर थांबते. तिथे उभा राहा. काय बोलायचं ते मला विचारू नकोस, मी काय दिवे लावले ते वर लिहिलंच आहे. मीही येऊन तुझ्या शेजारी उभी राहीन. एक शनिवार पाई मिळाली नाही म्हणून गाव काही मरत नाही.

तुझीच,
सेंगा आजी