हॅरीचे लाल कान

गुरुवार, ११ नोव्हेंबर १९८२, अदलिया

अजून डोक्यातून जात नाहीये. इथल्या आखातातल्या कंपनीतला आमचा फोरमन हॅरी यॉर्कशायरचा, अस्सल इंग्रज. त्याचं गावाकडचं इंग्रजी माझ्या कानात बसायला वर्ष गेलं. आज लंडनहून आलेल्या साहेबाला तो पंपाचा बिघाड सांगत होता. साहेबाने मध्येच हात वर केला आणि हसत माझ्याकडे वळला, "सावंत, हा काय म्हणतोय ते तुम्ही इंग्रजीत सांगा बरं."

इंग्रजाचं इंग्रजी इंग्रजाला मी सांगायचं? मी, कुडाळचा! आणि सांगितलंसुद्धा. हॅरीचे कान लालबुंद झाले. मग दिवसभर तो रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलत राहिला, माझ्याशीही. असा कसा बदलला? ते लाल कान...

घरी आल्यावर गावी आईला पाठवायची कॅसेट भरायला बसलो. घरात आम्ही बोलतो ती हिची, बायकोची, पुणेरी मराठी. बटण दाबून गावच्या बोलीत म्हटलं, "आये, बरी आसस मां?"

शेजारी बसलेली नीता खळखळून हसली. "बाबा, कुणाची अ‍ॅक्टिंग करताय?"

माझीच लेक! कान तापले माझे. टेप मागे घेतली, पुन्हा बटण दाबलं आणि तोंडातून निघालं, "आई, कशी आहेस?"