खालच्या ओळीपर्यंत तोंडपाठ

ती. सौ. ताईस, शि. सा. न.

तुझे गुडघे कसे आहेत? आम्ही सगळे खुशाल (हिची कंबर आणि माझी अब्रू सोडून).

झालं असं, की आमच्या चष्म्याच्या दुकानाचा कारभार मालकांच्या सूनबाईंनी हाती घेतला आणि आम्हाला इंग्रजी शिकवायचं मनावर घेतलं. पहिलाच शब्द 'सी'. म्हणजे बघणं. मी म्हटलं, एवढंच ना? तर बाईंनी हा भलामोठा कागद रंगवून आणला. 'आय सी' म्हणजे समजलं, 'सी यू' म्हणजे निघतो, कुणी कुणाला 'सी' करतंय म्हणजे त्यांचं जुळलंय, 'सी टू इट' म्हणजे तेवढं उरका, आणि 'लेट मी सी' म्हणजे बघू (म्हणजे होणार नाही, हे मला न शिकवताच कळलं). एका शब्दाला किती राबवावं माणसानं!

तो कागद त्यांनी डोळे तपासायच्या तक्त्यावरच चिकटवला आणि मला समोरच्या खुर्चीत बसवून म्हणाल्या, "काका, वाचा." आता ताई, मालक दरवर्षी आम्हा कारागिरांचे डोळे त्याच खुर्चीत तपासतात, आणि बावीस वर्षं तो तक्ता मला तोंडपाठ आहे. खुर्चीत टेकलं की तोंड आपोआप सुरू होतं. वरच्या मोठ्या 'ई'पासून तळाच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं. एक अक्षर चुकलं नाही. फक्त त्यातलं काहीच समोरच्या कागदावर नव्हतं. बाई कागदाकडे बघतायत, मालक माझ्याकडे, आणि मी (अंदाजानं) दोघांकडे.

सोमवारी नवा तक्ता येतोय आणि माझी तपासणी आहे. नापास झालो तर काचा घासायचं काम जाणार. चष्मा लावून या, काम तुमचंच, असं मालक म्हणतात. पण गिऱ्हाइकांना इतकी वर्षं छाती फुगवून सांगितलं, 'मला बघा, अजून चष्मा नाही!' आता कुठल्या तोंडानं लावू? खरं सांगतो ताई, लाज वाटते, आणि म्हातारपणाची भीतीही वाटते.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. तुझी सून डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला आहे. नवा तक्ता तिच्याकडच्यासारखाच आहे म्हणे. खालच्या तीन ओळी उतरवून उलट टपाली धाड.

आणखी एक ता. क. अक्षर मोठं काढ.

वन्सं, पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं, म्हणून लिहिते. ओळी धाडू नका. यांनी चष्मा केव्हाच करून आणलाय. काल दार लावून, घालून बसले होते. मी आत गेले तर म्हणाले, "अगं, तुझे केस कधी पांढरे झाले?" म्हटलं, दहा वर्षं झाली. तर रडले हो. सोमवारी मीच नाकावर चढवून पाठवते.