शिक्र्याची पिल्लं आणि माझी कोंबडी

दादा,

तुला या सगळ्यातून मिळणार काय होतं, तर एक फोटो. शिक्र्यासारखा शिकारी पक्षी पिल्लांना भरवतोय, आणि तोही आपल्याच परसातल्या झाडावर! स्पर्धेत नंबर येईल, चार लोक पाठ थोपटतील.

म्हणून तू मला सांगितलंस, "अगं वेडे, ती पावशाची पिल्लं आहेत, सुरवंट खातात. सोड खुशाल तुझी कोंबडीची पिल्लं अंगणात." मी सोडली. पाखरांच्या बाबतीत या घरात तुझा शब्द शेवटचा, म्हणून सोडली.

आज तू नसताना तुझा कॅमेरेवाला मित्र आला. दारातूनच म्हणाला, "ताई, शिक्रे उडाले का हो?" छातीवर उभ्या रेघा, बाकदार चोच, तू पहिल्याच दिवशी ओळखलं होतंस म्हणे. इकडे माझं एकेक पिल्लू नाहीसं होत होतं आणि मी शेजारच्या मांजरावर काठी उगारत होते. तू बाजूला उभा राहून "हाण, हाण" म्हणत होतास!

कोंबडी घेऊन मावशीकडे चालले आहे. जेवण झाकून ठेवलंय. घरट्याला मात्र हात लावू नकोस. त्या पोरांचा दोष नाही, ती आपली भूक लपवत तरी नाहीत.

फोटो तुला मिळाला, घास शिक्र्यांना मिळाला. किंमत कोंबडीने मोजली. संध्याकाळी ती अजूनही सगळ्यांना पुरतील एवढे पंख पसरून बसते, आणि आत एकच पिल्लू शिरतं.